मैत्रीभावना कशी करावी: नव्याने बसणाऱ्यांसाठी

मैत्रीभावनेला बसलं की मनात प्रेम दाटून आलं पाहिजे, अशी समजूत घेऊनच बहुतेक जण पहिल्यांदा बसतात. दहा मिनिटं जातात, काही दाटून येत नाही, गुडघा ठणकायला लागतो, आणि ‘आपला स्वभावच कोरडा’ असं म्हणून माणूस उठतो तो पुन्हा बसत नाही. म्हणून हे आधीच सांगते. मैत्रीभावनेत एकच काम करायचं असतं: एखाद्याचं भलं व्हावं ही इच्छा जाणूनबुजून मनात आणायची आणि ती निसटली की पुन्हा आणायची. उमाळा येणं आपल्या हातात नसतं, इच्छा धरणं असतं. रोज धरली की हळूहळू मनाला तिचं वळण लागतं.

मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार गुणांना बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणतात. सुरुवात मैत्रीपासून करतात, कारण बाकी तिन्हींना तिचाच आधार लागतो. या लेखातला बराचसा भाग त्यामुळे मैत्रीचाच आहे.

मूळ आधार दोन. पहिला करणीय मेत्त सुत्त, सुत्तनिपात या पाली ग्रंथातलं दहा गाथांचं छोटं सुत्त, म्हणजे बुद्धांचा उपदेश. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत परित्राण पाठाच्या वेळी ते अनेकांच्या कानांवरून गेलेलं असतं. दुसरा विशुद्धिमार्ग. पाचव्या शतकात श्रीलंकेत, अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी तो रचला, आणि त्याच्या नवव्या प्रकरणात या चारही भावना कशा कराव्यात, कुठे अडतं, अडलं तर काय करावं हे तपशिलात येतं. आपल्या गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी हा ग्रंथ देवनागरीत संपादित केला. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या केंद्रांत शिकवली जाणारी पाच पायऱ्यांची मैत्रीभावना याच क्रमावर उभी आहे, आणि खाली तीच दिली आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या विपश्यना केंद्रांत मैत्री दहा दिवसांच्या शिबिराच्या शेवटी, दहाव्या दिवशी देतात. ती पद्धत वेगळी. सुरुवातीला दोन्हींची सरमिसळ करू नका.

बसण्याआधी

करणीय मेत्त सुत्ताच्या पहिल्या अडीच गाथांत ध्यानाचं नावही नाही. माणूस कसा असावा तेवढंच आहे: सरळ, सांगितलेलं ऐकून घेणारा, मृदू, निगर्वी, संतुष्ट, ज्याला पोसणं इतरांना जड जात नाही असा, फार व्याप मागे न लावलेला. ‘सर्व प्राणी सुखी होवोत’ हे त्यानंतर येतं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दिवसभर कुणाला तरी घालूनपाडून बोलायचं आणि रात्री डोळे मिटून त्याचं मंगल चिंतायचं, हे मनाला पटत नाही आणि मन बसू देत नाही. पंचशील जमेल तितकं पाळणं हीच इथली तयारी.

बाकी तयारी साधी. वीस मिनिटं काढा. सकाळी घर जागं व्हायच्या आधी बसता आलं तर उत्तम. एका खोलीच्या घरात एकांत मिळणं अवघड असतं, तेव्हा घरच्यांना सांगून ठेवा की एवढा वेळ हाक मारू नका. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलं की लोक सांभाळून घेतात. मांडी घालता येत असेल तर बुडाखाली जाड उशी किंवा घडी केलेलं ब्लँकेट घ्या, म्हणजे गुडघे खाली टेकतात. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकवून. यात काही कमीपणा नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

पहिली तीन-चार मिनिटं फक्त श्वासाकडे लक्ष द्या. खांदे, जबडा, पोट सैल सोडा.

पहिली पायरी: स्वतः

मनातल्या मनात सावकाश म्हणा: ‘मी सुखी असो. माझ्या मनात वैर नसो. माझं दुःख सरो. माझे दिवस शांततेत जावोत.’ एक वाक्य, मग दोन-तीन श्वासांची जागा, मग पुढचं वाक्य. ती मधली जागा महत्त्वाची. ती न सोडता म्हणत राहिलं की पाठांतर होतं आणि मन भलतीकडे निघून जातं. शब्द हेच हवेत असं नाही. तुमच्या तोंडी बसणारे घ्या, पण एकदा ठरवले की निदान महिनाभर बदलू नका.

स्वतःपासून सुरुवात करणं अनेकांना स्वार्थी वाटतं. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं स्वतःला घेणाऱ्या बायकांना तर फारच अवघड जातं. विशुद्धिमार्गात यासाठी कोसलचा राजा पसेनदी आणि राणी मल्लिका यांच्या प्रसंगातली बुद्धांची गाथा दिली आहे. राजाने राणीला विचारलं, तुला स्वतःपेक्षा अधिक प्रिय कुणी आहे का? ती म्हणाली, नाही, आणि तुम्हाला? राजानेही विचार करून सांगितलं, मलाही नाही. हे बुद्धांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी दोघांनाही दोष दिला नाही. सगळ्या दिशा मनाने धुंडाळल्या तरी स्वतःहून प्रिय कुणी सापडत नाही, इतरांनाही आपापला जीव असाच प्रिय असतो, म्हणून कुणाला दुखवू नये, असं ते म्हणाले. स्वतःवरची मैत्री हवी ती एवढ्यासाठी: मला जसं सुख हवं तसंच समोरच्यालाही हवं, ही खूण मनात पक्की व्हावी. तिथेच थांबायचं नाही. शंभर वर्षं फक्त स्वतःवर मैत्री केली तरी त्यातून ध्यान लागणार नाही, असं त्याच ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे.

दुसरी पायरी: मित्र

ज्याच्याबद्दल आदर आणि आपुलकी सहज वाटते असा माणूस घ्या. शिकवणारे गुरुजी, अडचणीत धावून आलेली मैत्रीण. त्यांचा चेहरा आठवा, त्यांनी केलेली एखादी गोष्ट आठवा, आणि तीच वाक्यं त्यांच्यासाठी म्हणा.

इथे दोन पथ्यं आहेत. ज्याच्याविषयी शारीरिक ओढ आहे असा माणूस या पायरीवर घेऊ नका. विशुद्धिमार्गात एका तरुणाची गोष्ट येते. त्याने ओळखीच्या थेरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंना विचारलं, मैत्री कुणावर करावी? ते म्हणाले, प्रिय व्यक्तीवर. त्याला प्रिय होती बायको. तिच्यावर मैत्री करता करता तो रात्रभर भिंतीशी झुंजत राहिला. आसक्ती मैत्रीच्या इतक्या जवळ बसलेली असते की नवख्याला फरक कळत नाही. म्हणून पती-पत्नी, प्रेमातली माणसं आधी नकोत. पोटची मुलंही सुरुवातीला नकोत, असं माझं मत आहे, कारण त्यांच्याबरोबर काळजी येते आणि वीस मिनिटं काळजीतच जातात.

दुसरं पथ्य: माणूस हयात असावा. एक भिक्षू आपल्या आचार्यांवर मैत्री करत होता आणि काही केल्या मन एकाग्र होत नव्हतं. शेवटी चौकशी केली तेव्हा आचार्यांचं निधन झाल्याचं कळलं. गेलेल्या आई-वडिलांची आठवण येणं स्वाभाविक आहे, पण त्या आठवणीत शोक मिसळलेला असतो. त्यांच्यासाठी पुण्यानुमोदन करा, म्हणजे आपल्या पुण्याचा वाटा त्यांना द्या; ध्यानात हयात माणूस घ्या.

तिसरी पायरी: ना आवडता, ना नावडता

या पायरीवर नवखे लोक घाई करतात. मित्र झाला, आता शत्रूवर मैत्री करून दाखवायची असते, मधला हा माणूस नावापुरता उरकला जातो. मला मात्र वाटतं की खरी साधना इथेच होते, आणि पहिले दोन-तीन महिने सर्वात जास्त वेळ इथेच द्यावा.

ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही असा, पण नेहमी दिसणारा एक माणूस निवडा. सोसायटीचा वॉचमन, मेडिकलच्या दुकानात गोळ्या काढून देणारा मुलगा, रोजच्या एसटीचा कंडक्टर, घंटागाडीवर येणारी ताई. समजा घंटागाडीवरची ताई घेतली. डोळे मिटून तिला आठवायला गेलं की पहिल्यांदा काय दिसतं? गाडीचं गाणं ऐकू येतं, आपल्या हातातली ओल्या कचऱ्याची बादली दिसते, ती घेणारा हात दिसतो. चेहरा दिसत नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी समोर येणाऱ्या बाईचा चेहरा आपण पाहिलेलाच नसतो. हातात मोजे असतात की नसतात, सांगता येत नाही.

हे जाणवलं की ध्यान थांबवू नका, चेहरा दिसत नाही तर हाताला धरून पुढे जा. हिलाही पहाटे उठावं लागतं. हिलाही कुणीतरी प्रिय आहे, आणि सर्वात प्रिय तिचा स्वतःचा जीव. ‘ताई सुखी असो. तिच्या मनात वैर नसो. तिचं दुःख सरो. तिचे दिवस शांततेत जावोत.’ मन कंटाळेल, निसटेल, मित्राकडे परत पळेल. परत आणा. इथे उमाळ्याची मदत नसते, जुन्या उपकारांची नसते, रागाचीही नसते. नुसती इच्छा धरावी लागते, आणि म्हणूनच ती इथे घट्ट होते.

दुसऱ्या दिवशी बादली देताना तुम्ही तिच्याकडे पाहाल. मुद्दाम काही बोलायची गरज नाही, पण पाहाल. मग कदाचित फुटकी काच कागदात नीट गुंडाळून, वेगळी सांगून द्याल.

या पायरीला आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाहीत, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. बुद्ध करुणेपाशी थांबले नाहीत, माणसापलीकडे सर्व जीवांना कवेत घेणारी मैत्री त्यांनी शिकवली, हेही बाबासाहेबांनी आग्रहाने मांडलं. जातीने आपल्याला काही माणसं न पाहण्याची सवय लावली आहे. द्वेष नसतानाही ती सवय असू शकते, आणि म्हणूनच ती ध्यानात पकडावी लागते. तिसऱ्या पायरीवर कुणाला घ्यावं असा प्रश्न पडला, तर ज्यांना आपण रोज पाहतो आणि पाहत नाही त्यांच्यापासून सुरुवात करा.

माणूस रोज बदलू नका. एकाच व्यक्तीला महिनाभर घ्या. ती तुम्हाला आवडायला लागली की समजा, आता दुसरी निवडायची वेळ आली.

चौथी पायरी: ज्याच्याशी पटत नाही

छोट्यापासून सुरुवात करा. गाडी आडवी लावणारा शेजारी, मीटिंगमध्ये बोलणं तोडणारा सहकारी. ज्याने आयुष्य उद्ध्वस्त केलं त्याला पहिल्या वर्षी हात लावू नका.

राग उसळला तर परत मित्राकडे जा, मन मऊ झालं की पुन्हा या. विशुद्धिमार्गात यावर एकामागून एक उपाय दिले आहेत, एक लागू पडला नाही तर पुढचा. मज्झिमनिकायातलं करवतीच्या उपमेचं सुत्त आठवावं, ज्यात दरोडेखोर दोन्ही टोकांना मुठी असलेल्या करवतीने अवयव कापत असतानाही मन बिघडू देऊ नये असं बुद्ध सांगतात. त्या माणसातला एक तरी चांगला गुण आठवावा: वागणं वाईट असेल तर बोलणं, बोलणं वाईट असेल तर वागणं. आपण नेमके कशावर रागावलो आहोत हे विचारावं, त्याच्या केसांवर, नखांवर, दातांवर? आणि हे सगळं करूनही जमलं नाही तर त्याला काहीतरी द्यावं, किंवा त्याच्याकडून काहीतरी घ्यावं. हा शेवटचा उपाय मला सर्वात व्यवहारी वाटतो. झाडाची चार लिंबं शेजाऱ्याच्या दारात नेऊन दिली, किंवा त्याच्याकडे शिडी मागितली, की डोळे मिटून जे सुटत नव्हतं ते थोडं सैल होतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायची आहे. मैत्रीभावना म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. मारहाण होणाऱ्या घरात परत जाणं, अत्याचाराची फिर्याद मागे घेणं, लुबाडणाऱ्याला पुन्हा पैसे देणं, यातलं काहीही मैत्रीत येत नाही. फिर्याद चालू ठेवूनही त्या माणसाच्या मनातलं वैर सरो अशी इच्छा करता येते. कुणी तुम्हाला मैत्रीच्या नावाखाली गप्प बसायला सांगत असेल तर ऐकू नका.

पाचवी पायरी: सगळे सारखे, मग सगळीकडे

आता स्वतः, मित्र, तटस्थ व्यक्ती आणि न पटणारा माणूस अशा चौघांना एकत्र मनासमोर बसवा. बुद्धघोष इथे एक कठीण कसोटी लावतात. समजा हे चौघे बसले आहेत आणि दरोडेखोर येऊन म्हणाले, बळी द्यायला यांतला एक द्या. ‘अमक्याला न्या’ असं मनात आलं तर भेद शिल्लक आहे. ‘मला न्या, यांना सोडा’ असं आलं तरीही शिल्लक आहे. चौघांतला एकही द्यावासा वाटत नाही, तेव्हा सीमा मोडल्या. ‘मला न्या’ हे आपल्याला थोर वाटतं, पण तिथेही एक जीव बाकीच्यांहून हलका मोजलेला असतो.

पहिल्याच आठवड्यात ही कसोटी लागणार नाही. चौघांसाठी तीच वाक्यं म्हणा, कुठे आवाज आपोआप बारीक होतो ते बघा, एवढं पुरे. मग मैत्री पसरू द्या: घर, गल्ली, गाव; पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण; वर, खाली; माणसं, जनावरं, पाखरं. ‘सर्व प्राणी सुखी होवोत.’ शेवटी वाक्यं सोडून मिनिटभर शांत बसा. लगेच मोबाईल हातात घेऊ नका.

बाकी तिघी

मैत्री थोडी रुळल्यावर करुणा, मुदिता, उपेक्षेकडे वळा. प्रत्येकीचा एक जवळचा शत्रू परंपरेत सांगितला आहे, म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा पण घात करणारा.

करुणेची सुरुवात दुःखात असलेल्या माणसापासून करतात: ‘याचं दुःख दूर होवो.’ तिचा जवळचा शत्रू शोक. बातम्या बघून दिवसभर खचून बसणं ही करुणा नव्हे, त्यातून कुणाला पाणीसुद्धा दिलं जात नाही.

मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात सुखी होणं, आणि आपल्या घरांत ही फार अवघड. दहावीचा निकाल लागतो, शेजारच्या मुलीला ब्याण्णव टक्के पडतात, तिची आई पेढे घेऊन दारात येते. तोंडातून ‘वा, अभिनंदन!’ निघतं आणि त्याच क्षणी आत आपल्या मुलाची टक्केवारी उभी राहते. मुदितेचा सराव त्या क्षणासाठी आहे. ध्यानात आधी एखादा सदा आनंदी, अतिशय लाडका सवंगडी घ्या आणि ‘याचं सुख टिको, वाढो’ अशी इच्छा धरा. शेजारची मुलगी नंतर.

उपेक्षा म्हणजे सुखदुःखात डगमगू न देणारं समत्व. रोजच्या बोलण्यातली हेळसांड इथे अभिप्रेत नाही. ‘मला काय त्याचं’ हाच तिचा जवळचा शत्रू. प्रत्येक जण आपापल्या कर्माचा वारस आहे, माझ्या इच्छेने कुणाचं आयुष्य फिरत नाही, हे ओळखूनही मन कोरडं होऊ न देणं, हे तिचं काम. आणि तिची सुरुवात कुणापासून करायची? तटस्थ व्यक्तीपासून. ज्याने तिसऱ्या पायरीवर कष्ट घेतले त्याला ही वाट ओळखीची वाटते.

अडचणी

झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडा किंवा चालत करा. करणीय मेत्त सुत्तातच उभं असताना, चालताना, बसलेलं किंवा पडलेलं असताना, जोवर झोप नाही तोवर ही स्मृती राखावी असं म्हटलं आहे. त्यामुळे बसस्टॉपवर, रेशनच्या रांगेत, लोकलमध्ये उभ्या उभ्या करायलाही हरकत नाही.

रडू आलं तर येऊ द्या, श्वासाकडे या, मग पुढे जा. पण स्वतःवर मैत्री करायला गेल्यावर दर वेळी जुनी भीती किंवा स्वतःबद्दलची घृणाच उसळत असेल, झोप उडत असेल, तर जबरदस्ती करू नका. काही दिवस दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा, आणि मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारून करा. औषधं आपल्या मनाने बंद करू नका.

काहीच वाटत नसेल तर इच्छा धरली होती का, एवढंच स्वतःला विचारा. धरली होती तर ध्यान झालं. मैत्रीचे अकरा फायदे अंगुत्तरनिकायात सांगितले आहेत, आणि त्यांतला पहिला अगदी घरगुती आहे: अशा माणसाला झोप सुखाची लागते. काही आठवड्यांनी झोपेकडे लक्ष द्या, बसल्यावर काय वाटलं याचा हिशेब ठेवत बसण्यापेक्षा.

एकट्याने सुरू करता येतं, पण एकट्याने टिकवणं कठीण. जवळच्या विहारात किंवा ध्यान केंद्रात मैत्रीभावना कोणत्या दिवशी असते ते विचारा. पाच पायऱ्यांची पद्धत शिकवणाऱ्या ठिकाणी आनापानसती, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान, आणि मैत्रीभावना सहसा आलटून पालटून घेतात. तुम्ही गेलात त्या दिवशी आनापानसती निघाली तर तीही करा, आणि निघताना पुढच्या वेळची तारीख विचारून घ्या.